फंडाचे माहितीपत्रक वहीसारखे वाचावे

दुकानाचा रोजमेळ जुळल्याशिवाय आपल्या घरांत गल्ला बंद होत नाही. मात्र म्युच्युअल फंडात लाखो रुपये गुंतवूनही त्याचे मासिक माहितीपत्रक आपण क्वचितच उघडतो. पेढीची वही वाचणाऱ्या नजरेला ते मुळीच अवघड नाही.

प्रथम परतावा पाहावा. एका वर्षाचा नव्हे, तर तीन, पाच व दहा वर्षांचा. शेजारीच निर्देशांकाचा परतावा छापलेला असतो. २०१८ पासून सेबीच्या नियमानुसार या निर्देशांकात लाभांशही धरला जातो, म्हणून ही तुलना आता अधिक प्रामाणिक झाली आहे. फंड सातत्याने मागे राहत असेल, तर कारण विचारावे.

दुसरी बाब खर्चाच्या प्रमाणाची. हा खर्च वेगळा मागितला जात नाही. फंडाच्या मालमत्तेतूनच रोज वजा होतो. दहा लाख रुपये वीस वर्षे १२ टक्के दराने वाढले, तर सुमारे ९६ लाख होतात; ११ टक्क्यांनी सुमारे ८१ लाख. एका टक्क्याची किंमत एवढी! २०१३ पासून उपलब्ध असलेल्या ‘डायरेक्ट’ योजनांत वितरकाचे कमिशन नसते. वितरकाचा सल्ला मोलाचा वाटत असेल, तर त्याचा मोबदला अवश्य द्यावा. परंतु तो किती, हे ठाऊक असावे.

तिसरी बाब, पैसा कोणाला दिला आहे? उधारी देताना आपण गिऱ्हाइकाची पत पाहतो. रोखे फंडाच्या पत्रकात कर्जदार कंपन्यांची नावे व पतमानांकन असते. २३ एप्रिल २०२० रोजी फ्रँकलिन टेम्पलटनने सहा रोखे योजना बंद केल्या. त्यांपैकी एकीच्या नावात ‘अल्ट्रा शॉर्ट’ असे शब्द होते. पण या योजनांत सर्वोच्च मानांकनाखालील रोख्यांचा वाटा मोठा होता आणि तो पत्रकांत दिसत होता. गुंतवणूकदारांना रक्कम पुढे टप्प्याटप्प्याने मिळाली. ऐन टाळेबंदीत मात्र ती अडकून पडली. मालाचे देणे किंवा कराचा हप्ता यांसाठी राखलेला पैसा असा अडकला, तर पेढीची पतच पणाला लागते.

शेवटी जोखीममापक पाहावा. त्याच्या सहा पायऱ्या असून दरमहा त्याचा आढावा घेतला जातो. काटा वर सरकला असेल, तर सावध व्हावे.

दर तिमाहीस घरातील सर्व फंडांची पत्रके एकत्र मांडावीत. त्याच त्या कंपन्या तीन-तीन फंडांत आढळल्या, तर जोखीम विभागली गेलेली नाही, हे लगेच ध्यानात येईल. या बैठकीस मुलामुलींना व सुनांनाही अवश्य बसवावे.