मुलग्यांची शौचाची सवय : वेगधारण आणि वेगोदीरण यांच्यामधील वाट

बालकाचा आहार, दंतोद्भव, ज्वर, कास या विषयांवर आपल्या व्यवसायात विपुल चर्चा होते. शी-शूची सवय हा विषय मात्र घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा म्हणून आपण बाजूला ठेवतो. प्रत्यक्षात मूल बालवाडीत जाण्याचे दिवस जवळ आले, की हाच प्रश्न घेऊन पालक चिकित्सालयाची पायरी चढतात. तक्रार बहुधा मुलग्याची असते. "तीन वर्षांचा झाला, तरी सांगत नाही", "चड्डीतच करतो", "त्याच्या बहिणीने दोन वर्षांची असतानाच सांगायला सुरुवात केली होती" अशी वाक्ये आपल्यापैकी प्रत्येकाने ऐकली असतील. या प्रश्नाकडे शास्त्रदृष्ट्या पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण या वयात झालेली चूक पुढे जीर्ण मलावष्टंभाच्या रूपाने आपल्याचकडे परत येते.

शास्त्राची भूमिका

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील नवेगान्धारणीय अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले असून मूत्र व पुरीष यांना त्यांत अग्रस्थान दिले आहे. पुरीषवेग धरल्याने पक्वाशयशूल, शिरःशूल, मलवाताची अप्रवृत्ती, पिंडिकोद्वेष्टन व आध्मान ही लक्षणे उत्पन्न होतात. हे आपण सर्वच जाणतो. वाग्भटाचार्यांनी मात्र वेगधारणाइतकेच वेगोदीरणही, म्हणजे वेग नसता तो बळाने उत्पन्न करणे, रोगास कारण मानले आहे. शौचाची सवय लावण्याचा सारा विचार या दोन निषेधांच्या मधोमध बसतो. वेग नसताना मुलास तासभर बसवून "कर, कर" म्हणणे हे उदीरण होय. आणि भीतीने, लाजेने किंवा रागावण्याने मूल वेग दाबू लागते, ते धारण होय. पहिल्यातून दुसरे जन्मास येते. दोहोंत बिघडतो तो अपान.

योग्य काळ कोणता?

सुश्रुताचार्यांनी बालकाच्या क्षीरप, क्षीरान्नाद व अन्नाद अशा तीन अवस्था मानल्या असून दोन वर्षांनंतर बालक अन्नाद होते असे म्हटले आहे. आधुनिक बालरोगशास्त्रही साधारण १८ महिन्यांनंतर सिद्धतेची चिन्हे पाहावीत आणि बहुतेक मुलांत ही सवय दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान लागते, असे सांगते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ ब्रेझल्टन यांनी १९६२ साली मुलाच्या कलाने सवय लावण्याची पद्धती मांडली. तिचे सूत्रही तेच. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा काही महिने मागे असतात. हा दोष नव्हे. त्यामुळे बहिणीशी तुलना करणे निरर्थक आहे.

सिद्धतेची चिन्हे अशी : दोन तास चड्डी कोरडी राहणे, मलप्रवृत्ती ठरावीक वेळी होणे, वेग आल्यावर मुलाने कोपऱ्यात जाणे, उकिडवे बसणे किंवा चेहऱ्यावरून तो कळणे, चड्डी खाली ओढता येणे, आणि दोन शब्दांची सूचना समजणे. ही चिन्हे नसताना घाई करू नये. घरात नवे बाळ आले असेल, घर बदलले असेल वा मूल नुकतेच आजारातून उठले असेल, तर काही आठवडे थांबावे.

आपल्याकडे आजी तान्ह्या बाळास दोन्ही पावलांवर बसवून शी करवीत असे. ती पद्धत त्याज्य नव्हे. त्यात बाळाच्या वेगाकडे आजीचे लक्ष असे आणि बसण्याची स्थितीही योग्य असे. डायपरच्या सतत वापरामुळे हे लक्षच सुटले आहे. ओलेपणाची जाणीव होत नसेल, तर मुलास वेगाचा व परिणामाचा संबंध कळण्यास विलंब लागतो. म्हणून या काळात दिवसा सुती चड्डी घालण्याचा सल्ला द्यावा.

प्रत्यक्ष विधी

चरकसंहितेच्या शारीरस्थानात कुमारागाराचे वर्णन करताना मूत्र व मल यांसाठी स्वतंत्र स्थान असावे असे सांगितले आहे. मुलाचे भांडेही एका ठरावीक जागी ठेवावे. भारतीय पद्धतीच्या शौचकूपात आत पडण्याची भीती लहान मुलास वाटते. तेव्हा आरंभ भांड्यापासूनच करावा. कमोड असल्यास पावलांखाली पाट वा स्टूल द्यावे. पाय लोंबकळत असताना मुलास नीट जोर देता येत नाही. गुडघे कटीपेक्षा वर असले, की मलप्रवृत्ती सुकर होते.

भोजनोत्तर आतड्याची गती स्वभावतः वाढते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर व रात्रीच्या जेवणानंतर पाच मिनिटे बसवावे. झाले तर शाबासकी द्यावी, न झाले तर काही न बोलता उठवावे. मुलग्यास मूत्रासाठीही प्रथम बसवूनच शिकवावे, कारण या वयात दोन्ही वेग बरोबर येतात. उभे राहून लघवी करणे तीन वर्षांच्या आसपास, वडिलांचे पाहून तो सहज शिकतो. शिश्नाग्रावरील त्वचा या वयात मागे न सरणे बहुधा प्राकृत असते. स्वच्छतेच्या नावाखाली ती बळाने ओढू नये. हात साबणाने धुणे हा विधीचाच भाग मानावा.

भय आणि लज्जा

बालकास भय दाखवू नये, असा चरकाचार्यांचा स्पष्ट आदेश आहे. सुश्रुताचार्यही त्यास दटावू नये व एकाएकी जागे करू नये असे सांगतात. "बागुलबुवा येईल", "एवढा मोठा घोडा झाला, तरी..." ही भाषा वेगधारणाची पहिली पायरी होय. मूल वेग दाबते, मल शुष्क व ग्रथित होतो, पुढील प्रवृत्ती वेदनायुक्त होते आणि वेदनेच्या भयाने मूल अधिकच दाबते. काही महिन्यांनी साठलेल्या कठीण मलाच्या बाजूने पातळ मल झिरपू लागतो व चड्डी वारंवार खराब होते. पालकांना हा आळस वा खोडकरपणा वाटतो, मूल मार खाते. मुळात त्यास मल येत असल्याची जाणीवच राहिलेली नसते.

आणखी एक सामाजिक बाजू आहे. प्रवासात मुलीस "थांब, घरी गेल्यावर" असे सांगितले जाते आणि मुलग्यास रस्त्याच्या कडेला उभे केले जाते. एकीस आपण धारण शिकवतो, दुसऱ्यास सद्वृत्ताचा भंग. मार्गावर मूत्रविसर्जन करू नये, असे चरकाचार्यांनी सद्वृत्तात सांगितलेच आहे. निघण्यापूर्वी दोघांनाही शौचालयात नेणे हा साधा उपाय पालकांस सांगावा.

औषधालयाच्या मालकांसाठी

झिरपणारा पातळ मल हाच येथे घोटाळ्याचा मुद्दा आहे. "मुलाला सारखी पातळ होते" असे सांगून पालक औषध मागतात आणि कुटज वा बिल्व यांचा ग्राही कल्प दिला जातो. याने मूळ अवष्टंभ वाढतो. म्हणून तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यापूर्वी कित्येक दिवस खडा होत होता काय? मूल पाय आवळून उभे राहते काय? पोट कठीण लागते काय? उत्तरे होकारार्थी असल्यास औषध न देता वैद्याकडे पाठवावे.

दर आठवड्यास एरंडेल, साबणाची कांडी, तेलात बुडवलेले विड्याच्या पानाचे देठ हे घरगुती उपाय वारंवार झाल्यास उदीरणातच मोडतात. शिवाय गुदाविषयी मुलाच्या मनात भय बसते. बालक मृदू असल्याने त्यास तीक्ष्ण शोधन वर्ज्य आहे. मलावष्टंभात प्रथम आहार पाहावा. दिवसाला अर्ध्या लिटरहून अधिक दूध व बिस्किटांवर वाढणाऱ्या मुलास खडा होणारच. दूध मर्यादित करून वरणभात-तूप, भाज्या, फळे, भिजवलेल्या मनुका व पुरेसे पाणी द्यावे. पोटावर कोमट तेलाचा हलका अभ्यंग करावा. मृदू अनुलोमन वैद्याच्या देखरेखीखालीच योजावे. जुना कठीण संचय प्रथम मोकळा झाल्याशिवाय सवय लावण्याचा प्रयत्न सफल होत नाही.

केव्हा तज्ज्ञाकडे पाठवावे?

मूत्राची धार क्षीण असणे, थेंब थेंब होणे वा कुंथावे लागणे हे मूत्रमार्गातील जन्मजात पडद्याचे लक्षण असू शकते. हा दोष मुलग्यांतच आढळतो. जन्मानंतरचा पहिला काळा मल ४८ तासांत न होणे व तेव्हापासून अवष्टंभ असणे, यात मोठ्या आतड्याच्या अंतिम भागातील चेतापेशींच्या अभावाची शंका घ्यावी. हाही विकार मुलग्यांत अधिक आढळतो. ज्वरासह मूत्रदाह, अतितृष्णा व वजन घटणे, मलात रक्त, पायांत दुर्बलता किंवा लागलेली सवय अकस्मात सुटणे, यांपैकी काहीही दिसल्यास विलंब करू नये.

शय्यामूत्राचा उल्लेख शार्ङ्गधरांनी बालरोगांत केला आहे. तथापि पाच वर्षांपर्यंत रात्री अंथरूण ओले होणे रोग मानू नये. पाचव्या वर्षी सुमारे १५ टक्के मुलांत ते आढळते, मुलग्यांत अधिक, आणि बहुतेकांत वयानुसार आपोआप थांबते.

पालक आपल्याकडे बाटली मागावयास येतात. आपण त्यांस प्रथम काळ, स्थान, आहार आणि अभय ही चार पथ्ये द्यावीत, आणि ती मुलासमोर नव्हे, त्यास बाहेर खेळावयास पाठवून सांगावीत. आपली तक्रार वैद्यांपुढे चाललेली मुलास कळते. त्याच्या लज्जेत आपण भर घालू नये.