पाळत किती आणि पहारा किती?

घरात चोरी झाली की आपण दाराला दुसरे कुलूप लावतो. शहरात बॉम्बस्फोट झाला की सरकार चौकाचौकांत कॅमेरे बसवते, फोन ऐकण्याचे अधिकार वाढवून घेते, माहिती गोळा करणारी आणखी एक यंत्रणा उभी करते. वरवर पाहता दोन्ही गोष्टी सारख्याच वाटतात. पण कुलूप फक्त चोराला अडवते. ते घरातल्या माणसांची पत्रे उघडून वाचत नाही. सरकारी पाळत मात्र चोरावरही असते आणि आपल्यावरही. ती वाढली म्हणजे आपली सुरक्षितता तेवढ्याच प्रमाणात वाढते का, या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

सुरुवातीलाच एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हेरांवाचून कोणतेही राज्य चाललेले नाही. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली, त्याआधी बहिर्जी नाईकांनी त्या शहराची बित्तंबातमी आणली होती, हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर संन्यासी, व्यापारी, शेतकरी अशा नाना वेषांतल्या हेरांचे सविस्तर वर्णन आहे. ते केवळ शत्रूवर नव्हे, तर मंत्र्यांवर आणि प्रजेवरही नजर ठेवत. मात्र त्याच कौटिल्याने एक अट घातली आहे. तीन वेगवेगळ्या हेरांची बातमी जुळली तरच ती खरी मानावी, आणि ज्यांच्या बातम्या वारंवार जुळत नाहीत त्यांना शासन करावे. म्हणजे बातमी आणणे हे अर्धेच काम, ती पारखणे हे उरलेले अर्धे. आजच्या चर्चेत नेमका हा दुसरा भाग सुटून जातो.

पाळतीचा उपयोग होतो, याची उदाहरणे आहेत. परदेशी जाणाऱ्या विमानात शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटली हातातल्या सामानातून अनेक विमानतळांवर नेता येत नाही, हा नियम अनेकांनी अनुभवला असेल. त्याचे मूळ ऑगस्ट २००६ मधल्या लंडनच्या एका कटात आहे. शीतपेयाच्या बाटल्यांत द्रवरूप स्फोटके भरून अमेरिकेकडे जाणारी विमाने आकाशातच उडवून देण्याचा तो बेत होता. ब्रिटिश पोलिसांना आणि गुप्तचरांना काही माणसांचा संशय आला. त्यांनी त्या माणसांचा पाठलाग केला, ते जिथे जमत त्या घरात गुपचूप कॅमेरा आणि ध्वनिमुद्रणाची साधने बसवली आणि वेळ येताच सगळ्यांना पकडले. पुढे न्यायालयात गुन्हे सिद्ध झाले. शेकडो, कदाचित हजारो प्रवाशांचे प्राण वाचले.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. आधी संशय आला, मग ठरावीक माणसांवर पाळत बसली. सगळ्या लंडनचे फोन ऐकून हा कट सापडलेला नाही.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे आले आणि त्यांनी १६६ माणसांचे बळी घेतले. आपल्याकडे माहितीच नव्हती म्हणून हे घडले का? राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने राज्य सरकारसाठी केलेल्या चौकशीत वेगळेच चित्र दिसले. ऑगस्ट २००६ पासून केंद्रीय यंत्रणांकडून एकूण २६ इशारे आले होते. त्यांपैकी सहा इशाऱ्यांत समुद्रमार्गे हल्ल्याची शक्यता सांगितली होती, तर ११ इशारे एकाच वेळी अनेक ठिकाणी होणाऱ्या हल्ल्यांबद्दल होते. इशारे आले, पण ते एकत्र ठेवून त्यांचा अर्थ लावणारी आणि त्यावर कृती होते की नाही हे पाहणारी व्यवस्था नीट नव्हती.

गोष्ट इथेच संपत नाही. हल्ल्यासाठी टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेचा नागरिक होता. तो मुंबईत अनेकदा येऊन गेला. त्याच्या दोन पत्नींनी वेगवेगळ्या वेळी अमेरिकी अधिकाऱ्यांना त्याच्याविषयी सावध केले होते. २०१४ मध्ये अमेरिकी वृत्तसंस्थांनी दिलेल्या सविस्तर वृत्तांतानुसार, लष्कर-ए-तोयबाचा जो माणूस हल्ल्याची तांत्रिक जुळवाजुळव करत होता, त्याच्या संगणकीय हालचालींवर ब्रिटिश आणि भारतीय यंत्रणांची हल्ल्यापूर्वीच नजर होती. अमेरिकेकडेही कटाचे काही धागे होते. तीन देशांच्या हाती तुकडे होते, पण ते जोडून पाहिले गेले नाहीत. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याचीही हीच कहाणी. विमाने पळवणाऱ्यांपैकी दोघांची नावे अमेरिकेच्या सीआयएला आधीपासून ठाऊक होती, तरी ती वेळेवर इतर यंत्रणांपर्यंत पोहोचली नाहीत, असे तिथल्या चौकशी आयोगाने २००४ मध्ये नोंदवले.

दोन्ही ठिकाणी कमतरता माहितीची नव्हती. माहितीच्या ढिगाऱ्यातून नेमके काय उचलायचे, ते कोणाला कळवायचे आणि कळल्यावर कोणी काय करायचे, याची होती. असे असताना ढिगारा आणखी मोठा केला तर काय होईल? गवताच्या गंजीत सुई सापडत नाही म्हणून कोणी आणखी गवत आणून टाकत नाही.

हे नुसते म्हणण्यापुरते नाही. त्यामागे साधे गणित आहे. समजा, एका शहरात एक कोटी लोक राहतात आणि त्यांत शंभर घातपाती आहेत. सरकारकडे असे यंत्र आहे की ते प्रत्येकाचे फोन आणि संदेश तपासून ‘हा संशयित’ असे सांगते, आणि शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ते बरोबर असते. ऐकायला किती छान वाटते! आता हिशेब करू. शंभरपैकी ९९ घातपाती यंत्राने पकडले. पण उरलेल्या जवळजवळ एक कोटी निरपराध लोकांमध्येही शंभरात एक चूक होणारच. म्हणजे सुमारे एक लाख निरपराध लोक संशयितांच्या यादीत आले. यादीतल्या दर हजार माणसांमागे खरा घातपाती एकच. पोलिसांनी कोणाकोणाच्या मागे जायचे? आणि इतके अचूक यंत्र तर अजून कोणाकडेच नाही.

अमेरिकेने हा प्रयोग प्रत्यक्ष करून पाहिला. २००१ नंतर तिथल्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने देशातल्या कोट्यवधी लोकांच्या फोनच्या नोंदी गोळा केल्या. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ फोन केला, एवढ्याच नोंदी, प्रत्यक्ष बोलणे नाही. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने दिलेल्या कागदपत्रांमुळे ही गोष्ट जगाला कळली. तेव्हा अधिकाऱ्यांनी सांगितले की, अशा पाळतीमुळे पन्नासहून अधिक कट उधळले गेले. मग नागरी स्वातंत्र्यावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळाने गोपनीय कागद तपासले. जानेवारी २०१४ मधल्या अहवालात मंडळाने लिहिले की, फोनच्या या सरसकट नोंदींमुळे एखाद्या दहशतवादविरोधी तपासाच्या निकालात ठोस फरक पडला, असे एकही उदाहरण सापडले नाही. बोट दाखवण्याजोगे एकच प्रकरण होते, तेही सोमालियातल्या एका संघटनेला काही हजार डॉलर पाठवल्याचे. २०१५ मध्ये अमेरिकी संसदेने ही सरसकट गोळाबेरीज बंद केली.

त्याच मंडळाने सहा महिन्यांनी दुसऱ्या एका कार्यक्रमाबद्दल मात्र अनुकूल मत दिले. त्यात परदेशातल्या ठरावीक व्यक्तींच्या संदेशांवर लक्ष ठेवले जाते. त्यातही अमेरिकी नागरिकांचे संदेश ओघाने सापडतात, हा आक्षेप आहेच. तरी त्यातून कामाची माहिती मिळाल्याचे मंडळाला आढळले. निष्कर्ष तोच, लंडनचा. नेम धरून ठेवलेली पाळत उपयोगी पडते. सर्वांवर टाकलेले जाळे बहुधा मासे कमी आणि गाळ जास्त आणते.

मग आपल्या देशात पाळतीवर पहारा कोणाचा? आपल्याकडे फोन ऐकण्याचा अधिकार १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने सरकारला दिला. ब्रिटिशांचा तो कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. आता त्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या संघटनेच्या याचिकेवर निकाल देताना काही बंधने घातली. आदेश गृहसचिवांनीच द्यावा, तो दोन महिन्यांपुरता असावा, मुदतवाढ धरून सहा महिन्यांपुढे जाऊ नये, आणि वरिष्ठ सचिवांच्या समितीने त्याचा आढावा घ्यावा. हीच चौकट थोड्याफार फरकाने आजही आहे.

चौकट चांगली आहे, पण तिचा भार कोण पेलणार? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या अहवालात दाखवून दिले की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या आढावा समितीला एकेका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासावे लागतात. बैठक सलग आठ तास चालली तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. शिवाय आदेश देणारे सचिव आणि तपासणारेही सचिवच. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर न्यायाधीशाचे वॉरंट लागते. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानंतर मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची संमती लागते. आपल्याकडे आदेश निघताना न्यायाधीश कुठेच नसतो. तो भेटतो फार उशिरा, तेही प्रकरण न्यायालयात गेले तर. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणात फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ती ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न असल्याशिवाय हा अधिकार वापरता येत नाही, असे न्यायालयाने बजावले. पण ज्याला आपला फोन ऐकला गेल्याचे कधीच कळत नाही, तो न्यायालयात जाणार कसा?

ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. त्या अधिकारावर बंधन घालता येते, पण त्यासाठी कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या मानाने अति नसावा.

‘मी काही गैर करत नाही, मग मला कशाला भीती?’ असे पुष्कळ लोक म्हणतात. पूर्व जर्मनीच्या लोकांना हे विचारून पाहावे. एक कोटी साठ लाख वस्तीच्या त्या देशात १९८९ मध्ये ‘श्टासी’ या गुप्त पोलीस खात्याचे सुमारे ९१ हजार नोकर होते, आणि त्यांच्याखेरीज पावणेदोन लाखांहून अधिक खबरे. शेजारी, सहकारी, मित्र, कोण कागद भरतो आहे हे कळत नसे. पुढे कागदपत्रे खुली झाली तेव्हा काहींना खबऱ्यांमध्ये स्वतःच्या जोडीदाराचे नाव सापडले. एवढी पाळत ठेवूनही ते राज्य टिकले नाही. मात्र माणसांचा एकमेकांवरचा विश्वास ते मोडून गेले.

आणि तो विश्वास हीच सुरक्षिततेची पहिली ओळ असते. २६ नोव्हेंबरच्या त्या रात्री रबरी होडीतून उतरलेल्या अनोळखी तरुणांना प्रथम पाहिले आणि हटकले ते कफ परेडच्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. कसाब जिवंत सापडला तो गिरगाव चौपाटीवर हातात केवळ लाठी असलेल्या तुकाराम ओंबळे यांनी त्याची बंदूक छातीशी धरून ठेवली म्हणून. त्या रात्री दहशतवाद्यांचे पाकिस्तानातल्या सूत्रधारांशी चाललेले बोलणे पोलिसांनी टिपले. ते पुढे खटल्यात मोलाचा पुरावा ठरले, हेही तितकेच खरे. म्हणजे यंत्र हवे, पण त्याबरोबर चौकीत पुरेसे पोलीस हवेत, त्यांच्या हाती नीट शस्त्रे हवीत, किनाऱ्यावर गस्त हवी. आणि कोळ्याने सांगितलेली गोष्ट ऐकून घेणारा हवालदार हवा. जिथे लोकांना पोलीस आपले वाटतात तिथे खबर आपण होऊन येते. जिथे सगळेच संशयित, तिथे कोणी तोंड उघडत नाही.

तेव्हा यापुढे एखादी नवी पाळत-यंत्रणा जाहीर झाली की चार साधे प्रश्न विचारावेत. ही पाळत ठरावीक संशयितांवर आहे की सर्वांवर? परवानगी कोण देतो आणि ती तपासतो कोण? जमा झालेली माहिती किती दिवस राहणार? आणि आजवरच्या अशा यंत्रणांनी काय साधले, त्याचा हिशेब संसदेपुढे आणि विधिमंडळापुढे ठेवला जातो का? हे प्रश्न विचारणे म्हणजे पोलिसांवर अविश्वास दाखवणे नव्हे. रेल्वेच्या पुलाची तपासणी करा म्हणणारा प्रवासी रेल्वेचा शत्रू नसतो. त्याला त्याच पुलावरून रोज घरी जायचे असते.