मेदोवृद्धी, शिसे आणि नदीकाठचा अर्जुन

मेदोरोगात व हृद्रोगात आपण अर्जुनत्वचेचा काढा अथवा क्षीरपाक विश्वासाने योजतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वैद्याला ही साल दूरवरून मागवावी लागत नाही; वर्धा, इरई, वैनगंगा यांच्या काठी अर्जुनसादडा विपुल आहे. परंतु साल कोणत्या काठावरची, हा प्रश्न आता द्रव्याच्या गुणकर्माइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

शिसे व कॅडमियम यांचे क्षार दिलेल्या उंदरांच्या रक्तात एकूण कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराईड वाढल्याचे आणि एचडीएल घटल्याचे अनेक प्रयोगांत आढळले आहे. शिशामुळे यकृतात कोलेस्टेरॉल घडविणारी एन्झाइम उत्तेजित होतात. कॅडमियममुळे रक्तातील मेदाचे विघटन करणारे लायपोप्रोटीन लायपेज मंदावते. यास मेदोधात्वग्निमांद्य म्हणण्याचा मोह होतो, पण नामांतर म्हणजे उपपत्ती नव्हे. शिवाय प्रयोगातील मात्रा बहुधा मोठ्या असतात; ते आकडे जसेच्या तसे मनुष्यास लावता येत नाहीत. तथापि ज्या विकारासाठी औषध द्यावयाचे, त्याच विकाराला पोसणारा धातू त्या औषधातून पोटात जाऊ नये, एवढे तरी पाहिलेच पाहिजे.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट, इंधन कोळसा. कोळशाच्या राखेत शिसे, आर्सेनिक, कॅडमियम अल्पांशाने असतातच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये चंद्रपूरचा समावेश अतिप्रदूषित क्षेत्रांत केला होता. खडबडीत सालीवर बसलेली धूळ धुण्याने बरीचशी जाते; मुळांवाटे शोषलेला धातू मात्र जात नाही.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात औषधिग्रहणाचा विचार करताना स्मशान, वारूळ, खडकाळ जागा वर्ज्य सांगितली आहे. विषाने दूषित आणि वाटेवरची वनस्पतीही त्याज्य मानली आहे. कोळशाचे ट्रक धावतात त्या रस्त्याकडेला वाळत घातलेला हिरडा पाहिला की या सूचनेचे मर्म पटते. गडचिरोलीचे अंतर्गत जंगल त्या मानाने दूर खरे, पण सुरजागडच्या खनिजवाहतुकीने तेथील रस्त्यांलगतही धूळ आणलीच आहे.

औषधी दुकानदारांना विनंती अशी की, गोणीवर केवळ 'अर्जुनसाल, चंद्रपूर' एवढ्यावर समाधान मानू नये. गाव, नाला, संकलनाचा महिना विचारावा. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार शिशाची मर्यादा १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम आहे. प्रत्येक घाण्याचा तपासणी अहवाल मागावा. निर्यातीच्या वनौषधींना ही तपासणी १ जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली. आपल्या गावच्या रुग्णाचे यकृत काही निराळे नसते.

आणि पथ्य व औषध नीट घेऊनही ज्याचे ट्रायग्लिसराईड उतरत नाही, त्यास आहाराबरोबर व्यवसायही विचारावा. बॅटरीचे काम, राखेच्या विटा, राखेची वाहतूक यांपैकी काही निघाल्यास रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी, मगच औषध बदलावे.