पैसा दिवाळीला, खर्च बारमाही

नोकरदाराला पगार दरमहा मिळतो. कोरडवाहू शेतकऱ्याला सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या सुमारास मिळतो, तुरीचा संक्रांतीनंतर. तेल-मीठ मात्र रोज लागते. दिवाळीत हात सैल सुटतो आणि मृगाच्या तोंडावर बियाण्यासाठी सावकाराचे दार गाठावे लागते. शेकडा तीन रुपये महिना दराने जूनमध्ये २०,००० रुपये काढले, तर पाच महिन्यांत ३,००० रुपये नुसत्या व्याजात जातात. म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, महिन्याचा हिशेब मांडण्याआधी वर्षाचा मांडा.

लातूरकडील सहा एकर कोरडवाहू जमीन असलेल्या पाच माणसांच्या कुटुंबाचा नमुना पाहू. ज्वारी आणि डाळ घरची आहे. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपण आपले घालावेत.

सोयाबीन ३० क्विंटल, ४,००० रुपये दराने १,२०,००० रुपये. तूर ६ क्विंटल, ७,००० रुपये दराने ४२,००० रुपये. एका म्हशीच्या दुधाचे, खुराक वजा जाता, महिना ३,००० प्रमाणे आठ महिन्यांचे २४,००० रुपये. पीएम किसानचे तीन हप्ते मिळून ६,००० रुपये. एकूण जमा १,९२,००० रुपये.

यातून सर्वांत आधी शेताचा वाटा काढावा. बियाणे, खत, फवारणी, नांगरट, खुरपणी, काढणी-मळणी यांसाठी ७०,००० रुपये. सोसायटीचे पीककर्ज घेतले असेल, तर हाच वाटा परतफेडीला धरावा. मुदतीत कर्ज भरणाऱ्यास व्याजात सवलत मिळते, ती दवडू नये.

दुसरा वाटा ठरावीक वेळी येणाऱ्या खर्चाचा: शाळेची फी-वह्या १२,०००, सणवार व लग्नाचे आहेर १४,०००. तिसरा दुखण्याखुपण्याचा: १८,०००. हे सारे वजा जाता ७८,००० रुपये उरतात. त्याला बाराने भागले की महिन्याला ६,५०० रुपये येतात. घरखर्चाची खरी मर्यादा ही.

आता महिना बसवू. किराणा व तेल ३,०००. गॅस, वीज, मोबाईल १,५००. पेट्रोल व एस.टी. १,०००, कपडे ५००, किरकोळ ५००. एकूण ६,५००.

उत्पन्न धरताना चांगल्या सालाचा आकडा धरू नये. मागील तीन वर्षांतील सर्वांत कमी उतारा आणि कमी भाव धरावा. त्याहून जास्त आले, तर ते पुढच्या दुष्काळाची शिदोरी समजावे.

बाजूला काढलेला पैसा डब्यात ठेवला, तर तो मोडला जातो. शेताच्या वाट्याची मेअखेर मुदत संपेल अशी मुदत ठेव करावी. दुखण्याचा पैसा मात्र बचत खात्यात, लगेच हाती येईल असा असावा.

हा हिशेब कारभाऱ्याने एकट्याने मांडू नये. किराणा किती लागतो हे घरच्या बाईला ठाऊक असते. तिला न विचारता मांडलेला हिशेब पहिल्याच महिन्यात कोलमडतो. आठवडी बाजाराच्या संध्याकाळी सर्वांनी बसून वही भरावी. लिहिण्याचे काम शाळेतल्या मुला-मुलीकडे द्यावे. घरात पैसा किती आणि तो कशाला लागतो हे मुलांना कळले, की दुकानात हट्ट धरण्याआधी तीही विचार करतात.

यंदा सोयाबीनची पट्टी हाती पडेल, त्याच रात्री हे वाटे पाडा. मग दिवाळीची खरेदी करा.