‘हो’ म्हणजे नक्की काय?

मैत्रिणींनो, पंगतीत पाहुणी “नको, नको” म्हणाली, की आपण लगेच वाढणं थांबवतो का? छे! दोनदा आग्रह केला की तिसऱ्यांदा ती घेणार, हे आपल्याला ठाऊक असतं. म्हणून तिला कुणी खोटारडी म्हणत नाही.

पण परदेशी माणसांबरोबर काम करताना हीच रीत अंगाशी येते. आमच्या शेजारची मुलगी पुण्यात एका जर्मन कंपनीत आहे. साहेबांनी विचारलं, “शुक्रवारपर्यंत होईल ना?” काम अवघड होतं, पण तोंडावर नाही कसं म्हणायचं? “हो, प्रयत्न करते,” ती म्हणाली. तिच्या मते ‘कठीण आहे’ हे त्यात आलंच! साहेबांनी ऐकलं ते फक्त ‘हो’. शुक्रवारी काम झालं नाही, तेव्हा ते म्हणाले, “आधी का नाही सांगितलंत? आता तुमच्या शब्दावर भरवसा कसा ठेवू?” पोर घरी येऊन रडली. आपण खोटं बोललो असं कुणाला वाटावं, हे तिला फार लागलं.

जपानी लोक तर या बाबतीत आपल्याही पुढे! ‘हाइ’ म्हणजे हो. पण बोलणं चालू असताना त्याचा अर्थ पुष्कळदा ‘ऐकतोय’ एवढाच. नकार द्यायचा तर ‘चोत्तो...’ म्हणून वाक्य अर्धवट सोडतात. चोत्तो म्हणजे ‘जरा’. आपलं “जरा अवघडच आहे हो” म्हणणं आठवलं ना? मनातलं ते ‘होन्ने’ आणि चारचौघांत बोलायचं ते ‘तातेमाए’, असे दोन वेगळे शब्दच आहेत त्यांच्याकडे.

एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात हे छान उलगडलं. काही समाजांत अर्थ शब्दांत असतो, तर काहींत प्रसंगात नि नात्यात. जर्मन पहिल्या बाजूचे, जपानी दुसऱ्या. अर्थात माणसागणिक फरक असतोच. पण आपल्याला जो उद्धटपणा वाटतो तो त्यांचा सरळपणा असतो, आणि आपली भीड त्यांना लबाडी वाटते.

तेव्हा घरातलं कुणी अशा नोकरीत असेल, तर एवढं जरूर सांगा : ‘हो’ म्हणताना तारीखही सांगावी. अडचण दिसली की त्याच दिवशी बोलावं. आणि दुसऱ्याला “जमेल का?” असं न विचारता “कधी जमेल, काय अडेल?” असं विचारावं.

शेजारची मुलगी परवा धीर करून म्हणाली, “शुक्रवारी नाही जमणार, मंगळवारी नक्की देते.” साहेबांनी “बरं” म्हणून तारीख लिहून घेतली. झालं! रागावले नाहीत की काही नाही.