कुत्रा चावल्यावरचे दुसरे इंजेक्शन आणि लोहचुंबक

मंद्रूपच्या आमच्या वस्तीत आठ वर्षांच्या एका पोराच्या पोटरीला कुत्रा चावला. रक्त आले. आजीने घाईघाईने जखमेवर तिखट आणि चुना दाबला. मी गेल्यावर ते सगळे साबणाने धुवायला लावले आणि पोराला दवाखान्यात नेले. दंडात लस दिली. मग डॉक्टर म्हणाले, जखमेतही एक इंजेक्शन द्यावे लागेल. आई मला विचारू लागली, "ताई, लस टोचली ना? मग हे दुसरे कशाला? आणि ते इतके महाग का असते?"

प्रश्न बरोबर होता. लस आपल्या शरीराला रोगाशी लढायला शिकवते, पण शिकायला एक ते दोन आठवडे लागतात. तोवर जखमेतला विषाणू मज्जातंतूंत शिरू शकतो. म्हणून तयार शिपाई थेट जखमेत सोडतात. या शिपायांना प्रतिपिंडे किंवा अँटिबॉडी म्हणतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून हे दिवस मोलाचे.

हे शिपाई येतात कुठून? जुनी पद्धत घोड्याची. घोड्याला थोडे थोडे विष किंवा लस टोचतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार होतात आणि ती वेगळी काढतात. पुण्याजवळ पिंपरीला हाफकिन महामंडळ सर्पदंशावरचे औषध असेच बनवत आले आहे. नवी पद्धत पेशींची. मोठ्या टाक्यांत पेशी वाढवतात आणि त्या हवे तेच प्रतिपिंड बनवतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतील मॅसबायोलॉजिक्स या संस्थेबरोबर रेबीजवरचे असे प्रतिपिंड तयार केले. 2016 साली त्याला भारतात परवाना मिळाला. स्तनाच्या कर्करोगावरचे ट्रास्टुझुमॅब हेही याच जातीचे औषध.

खरी अडचण पुढे आहे. टाकीतल्या पाण्यात प्रतिपिंडांबरोबर पेशींचे तुकडे आणि इतर शेकडो प्रथिने असतात. ती औषधात राहिली तर रुग्णाला त्रास होऊ शकतो. घोड्याच्या औषधाने काहींच्या अंगावर पित्त उठते, कधी श्वास कोंडतो, त्यामागे घोड्याची प्रथिनेच असतात. म्हणजे औषध किती शुद्ध केले, यावर रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

सध्या कारखान्यात हे पाणी एका उभ्या नळकांड्यातून सोडतात. त्यात बारीक मणी भरलेले असतात. मण्यांवर 'प्रोटीन ए' नावाचे प्रथिन चिकटवलेले असते. ते प्रतिपिंडाला घट्ट धरते, बाकीचे वाहून जाते. पण या मण्यांची किंमत लिटरला लाखो रुपये असते. शिवाय पाणी आधी नीट गाळावे लागते, नाहीतर नळकांडे तुंबते. औषध महाग होण्याचे हे एक मोठे कारण.

इथे लोहचुंबक उपयोगी पडतो. पिठाच्या गिरणीत धान्य ओततो तिथे चुंबक असतो, तो खिळे-टाचण्या पकडतो. तिथे कचरा पकडायचा असतो, इथे कामाची वस्तू पकडायची. लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घेतात. शंभर नॅनोमीटरचे सत्तर-ऐंशी कण एका ओळीत ठेवले, तर ती ओळ रक्ताच्या एका तांबड्या पेशीइतकी होईल. या कणांवर प्रोटीन ए बसवून ते टाकीतल्या पाण्यात ढवळतात. प्रतिपिंडे त्यांना चिकटतात. बाहेरून चुंबक लावला की कण एका बाजूला गोळा होतात. घाण पाणी ओतून द्यायचे, कण धुवायचे, मग किंचित आम्ल द्रावण घालायचे. प्रतिपिंडे सुटतात, कण पुन्हा वापरता येतात. चुंबक काढला की हे कण एकमेकांना चिकटून बसत नाहीत, परत मोकळे होतात. त्यामुळे गढूळ पाण्यातूनही थेट काम करता येते.

ही कल्पना हवेतली नाही. कोविडच्या तपासणीत अनेक प्रयोगशाळांनी नमुन्यातला विषाणूचा आरएनए अशाच चुंबकी कणांनी वेगळा काढला होता. पण हजारो लिटरच्या टाकीला ते लावणे सोपे नाही. कणही महाग असतात, आणि औषधात एकही कण राहिला नाही हे सिद्ध करावे लागते. पद्धत स्वस्त झाली तरी औषध आपोआप स्वस्त होत नाही. त्यासाठी आपणच विचारत राहायला हवे.

एक सावधानता. हा चुंबक कारखान्यातले अवजार आहे. बाजारात विकतात त्या चुंबकाच्या पट्ट्यांशी आणि 'चुंबकी पाण्या'शी याचा काही संबंध नाही. त्यावर पैसे घालवू नका.

कुत्रा चावला तर:

1. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवा.
2. तिखट, चुना, हळद, तेल लावू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका.
3. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि लसीच्या सगळ्या तारखा पाळा.
4. रक्त आले असेल तर विचारा, "जखमेतले इंजेक्शन द्यायचे आहे का?" पहिल्या दिवशी राहून गेले, तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत ते घेता येते.

त्या पोराला दोन्ही इंजेक्शने मिळाली. लसीच्या सगळ्या तारखा आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवल्या होत्या. एकही चुकली नाही.