कुडपणची हवा आणि जांभळा दिवा

पोलादपूर तालुक्यात, प्रतापगडाच्या अंगाला डोंगरात कुडपण वसलं आहे. मृगानंतर पावसानं एकदा जोर धरला की इथे दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. धुकं ओटीवरून थेट माजघरात येतं. भिंती ओल धरतात, गोधड्यांना कुबट वास सुटतो, ट्रंकेतल्या कपड्यांवर पांढरट बुरशी चढते. दारं-खिडक्या लावून बसावं तर चुलीचा धूर आत कोंडतो, उघडाव्यात तर पाऊस आणि गारठा आत येतो.

या भागातल्या घरांमधलं कुणी ना कुणी मुंबईला असतंच. गौरी-गणपतीला गावी आलं की पहिल्या श्वासातच हा कोंदटपणा जाणवतो. मग कुठेतरी पाहिलेली जाहिरात आठवते: अतिनील किरणांचा दिवा लावा, घरातली हवा निर्जंतुक होईल. त्यातला ‘निर्जंतुक’ हा शब्द खोटा नाही. पण कोंदटपणाला जंतू हे एकच कारण असतं असं नाही.

अतिनील किरण मराठी घराला नवे नाहीत. १९८४ साली भारतात अ‍ॅक्वागार्ड आलं आणि पाण्याच्या यंत्रातली ‘यूव्ही’ची नळी स्वयंपाकघरात पोचली. सूर्याकडून येणाऱ्या अतिनील किरणांपैकी सर्वांत तीव्र गट, यूव्ही-सी, वातावरणात वरच अडतो. जमिनीपर्यंत येतच नाही. तो दिव्यातूनच मिळवावा लागतो. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यातून २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण निघतात, ते जंतूच्या डीएनएची किंवा आरएनएची मोडतोड करतात आणि जंतूची वाढ खुंटते. यंत्रातलं पाणी नळीला खेटून, बंदिस्त वाटेनं जातं. खोलीतली हवा मात्र मोकळी फिरते. दिव्यासमोरून क्षणात निघून गेली तर तिच्यातल्या जंतूंना पुरेसा मारा मिळतच नाही.

यावरचा तोडगा अमेरिकेतल्या विल्यम वेल्स यांनी शोधला. १९३७ ते १९४१ या काळात फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांमध्ये त्यांनी दिवे मुलांच्या डोक्याच्या वर बसवले, किरण फक्त छताकडच्या हवेत पसरतील असे. माणसांच्या अंगाच्या उबेनं हवा वर जाते, तिथे किरणांतून फिरते आणि पुन्हा खाली येते. गोवराची साथ आली तेव्हा दिवे असलेल्या वर्गांत लागण बरीच कमी झाली. पुढे पेरूमधल्या लिमा शहरात एका रुग्णालयात क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडून पाहिली. दिवे नसताना ३५ टक्के प्राण्यांना क्षयाचा संसर्ग झाला, दिवे असताना साडेनऊ टक्क्यांना. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवेतून पसरणाऱ्या रोगजंतूंपुरती या दिव्याची ताकद खरी आहे, आणि ती कमी लेखण्याचं कारण नाही.

पण कुडपणच्या घरातला मोठा शत्रू धूर आहे. लाकडाच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो. यूव्हीचा दिवा त्यांना हवेतून काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगभरात घरातल्या धुरानं ३२ लाख माणसं दगावली. चुलीपाशी फुंकणी घेऊन वाकलेली बाई आणि तिच्या कडेवरचं मूल, यांच्या छातीत तो सर्वांत आधी शिरतो. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस गावोगाव पोचला, तरी आंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं, आणि पावसाळ्यात ओले कपडे वाळवायला, ऊब धरायलाही चूलच लागते. तिला नावं ठेवून भागत नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेनं प्रसार केलेली ‘लक्ष्मी’ चूल धुरांड्याची आहे. धूर घरात न घोळता बाहेर जातो. घरातल्या हवेवर पैसे खर्चायचेच असतील तर पहिला खर्च त्या धुरांड्यावर व्हावा.

बुरशीचंही असंच. ती ओलीवर जगते. किरण पोचतात तेवढ्याच पृष्ठभागावर दिव्याचा परिणाम होतो. कपाटामागे, गिलाव्याच्या आत, गादीच्या पोटात नाही. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणही दम्याच्या माणसाला त्रास देतात. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री-गांधारी नद्यांचं पाणी शेजारच्या महाड शहरात शिरलं. असा पूर ओसरला तरी भिंतींची ओल कितीतरी दिवस हटत नाही. अशा घरात भिजलेलं सामान बाहेर काढणं, भिंत पूर्ण वाळेपर्यंत रंग न लावणं, वारा खेळता ठेवणं यालाच पर्याय नाही. कौलांची गळती थांबवली, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून दूर वळवलं, की बुरशीचं निम्मं बळ जातं. आश्विनात ऊन पडल्यावर गोधड्या अंगणात घालण्याची जुनी रीत आजही उत्तम आहे. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन मात्र तितकं उपयोगी नाही, कारण जंतूंना मारक असलेले बरेचसे अतिनील किरण काच अडवते.

मग हा दिवा हवा कुठे? त्याचं उत्तर मुंबईत आहे. गोवंडी-मानखुर्द भागातल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर दिवसाही उजेड नसतो. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेनं २०१८ साली मांडलेल्या पाहणीत तिथे दर दहा घरांमागे साधारण एका घरात क्षयरुग्ण आढळला. जवळच्या, तुलनेनं मोकळ्या पीएमजी कॉलनीत हेच प्रमाण शंभरात एक असं होतं. रोगजंतू एकच, वस्ती शेजारची, फरक मुख्यतः उजेड-वाऱ्याचा. गावचं घर सोडून पोटासाठी शहरात आलेल्या माणसाला अशी खोली मिळावी, ही गोष्ट संताप आणणारी आहे. खिडकीसमोर भिंतच असेल तर ‘खिडकी उघडा’ हा सल्ला पोकळ ठरतो.

अशा वस्तीतला दवाखाना, क्षयरुग्णांची रांग लागणारी बाह्यरुग्ण खोली, गच्च भरलेला वर्ग या दिव्याच्या खऱ्या जागा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१० साली हवेतून होणाऱ्या संसर्गाविषयी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांतही या दिव्यांचा विचार आहे. घरासाठी घ्यायचाच असेल तर दिवा पूर्ण बंदिस्त पेटीत असलेला, पंख्यानं हवा आत ओढणारा आणि ओझोन न सोडणारा असावा. काही स्वस्त नळ्या १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडतात. त्यांतून ओझोन तयार होतो आणि तो फुप्फुसांना जाचतो. उघडी नळी तर घरात नकोच. तिच्याकडे थोडा वेळ पाहिलं तरी काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी लागते, कातडी लाल होते. दिसणारा जांभळा उजेड म्हणजे मारक किरण नव्हेत. ते डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून जुनी नळी जांभळी पेटत असली तरी तिची धार गेलेली असू शकते. साधारण ९,००० तासांनी, म्हणजे सतत चालू असेल तर वर्षभरात, नळी बदलावी लागते, आणि आत पारा असल्यामुळे ती कचऱ्यात फोडून टाकायची नसते.

छताकडचा उघडा दिवा जाणकारांनीच बसवायचा असतो: सात फुटांच्या वर, खाली वावरणाऱ्या माणसाच्या डोळ्यांशी किरण मीटरनं मोजून, आणि हवा वर-खाली फिरवायला पंखा चालू ठेवून. कौलारू घरात सपाट छत नसतं, वर माळा असतो, त्यामुळे तिथे ही रचना जमतच नाही. पोलादपूर-महाडकडच्या आरोग्य केंद्रात ती जमण्यासारखी आहे. फक्त तिथे दिव्यासोबत इन्व्हर्टरचीही तरतूद हवी, कारण पावसाच्या झडीत वीज जाते तेव्हाच दारं लावून माणसं आत दाटीनं बसलेली असतात.